शाईची टेकडी

"मास्तर, बावीस वर्षांत एखादी टेकडी आपोआप उगवू शकते काय जी?"

घरमालकांनी मला हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांच्याकडे भाड्यानं राहायला येऊन मला चार महिने झाले होते. मी शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळे जमिनीवर जे काही उगवतं, खचतं, वाहून जातं त्याचा जाब मलाच विचारायचा अशी त्यांची पद्धत होती. मी म्हणालो, "काका, बावीस लाख वर्षं दिलीत तर काही सांगता येईल." त्यांचा चेहरा एकदम पडला. "इतकी नोकरी राहिली नाही न आता," असं पुटपुटत ते आत गेले आणि मी पुन्हा वह्या तपासायला लागलो.

नागपुरात मला पहिली खोली मिळाली ती नंदनवन नावाच्या वस्तीतली, त्यांच्या घराची पुढची. ते एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. घराणं उमरेडचं, विणकरांचं. वडील मागावर बसायचे आणि हे ड्रॉइंग बोर्डावर बसले, एवढाच काय तो फरक, असं तेच सांगायचे. जन्म सगळा रेघा मारण्यात गेल्यामुळे त्यांना जगात दोनच गोष्टी दिसत, रेघ आणि उतार. न्हाणीघरात पाणी साचलं की गोटी सोडून उतार मोजत. काकूंनी ताटात भात वाढला की जेवायच्या आधी क्षणभर त्या ढिगाकडे बघत आणि नकाशातल्या उंचीच्या हिशेबानं म्हणत, "आज तीन रेघांचा आहे." कचेरीतला एखादा साहेब वाकडा वागला तर त्याच्याबद्दल एकही वाईट शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. "त्याचा उतार आपल्याकडं नाही," एवढंच म्हणायचे.

आणि दुसरं एक वाक्य होतं, "मंजूर झालं ते खरं." पहिल्या पावसाळ्यात माझी खोली गळायला लागली. मी तक्रार घेऊन गेलो. त्यांनी कपाटातून घराचा नकाशा काढला, जमिनीवर पसरला, माझ्या खोलीवर पेन्सिल टेकवली आणि शांतपणे म्हणाले, "पाहा न, मंजूर नकाशात गळती दाखवून नाही." मी वर बघितलं, खाली नकाशाकडे बघितलं. माणूस चेष्टा करत नव्हता. संध्याकाळी मात्र स्वतःच बादली आणून गळतीखाली ठेवून गेले, तीही भिंतीपासून फूटपट्टीनं अंतर मोजून.

असा हा माणूस दर शनिवारी एकटा हायकिंगला निघायचा. निघायचा एवढंच खरं.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. दोन वाजता घरी यायचे, जेवायचे आणि तीनच्या सुमाराला पूर्ण पोशाखात ओट्यावर प्रकट व्हायचे. खाकी अर्धी चड्डी, कॅनव्हासचे बूट, पाठीवर पिठू, पिठूला गुंडाळलेला दोर, गळ्यात शिट्टी, हातात काठी. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाला त्या वेशात बघून पहिल्या वेळी मी दार लावून घेतलं आणि उशीत तोंड खुपसून हसलो. अंगणात त्यांची जुनी स्कूटर उभी असायची. ती डावीकडे कलती करायची, मग किक मारायची, मग पुन्हा कलती करायची. या प्रकाराला दहा मिनिटं लागत आणि तेवढ्यात समोरच्या घरातले कंपाउंडर बनियनवर बाहेर येत. अत्यंत प्रेमळ माणूस. ते प्रेमानं विचारत, "काय जी, कुठं चालले?"

झालं. काका किक मारता मारता थांबत. स्कूटर स्टँडवर लावत. पिठू उतरवत, पाय धुऊन घरात जात, देवापुढे बसत आणि पाणी पीत. निघताना कोणी 'कुठं' विचारलं की काम होत नाही, हे आपल्याकडे सगळेच मानतात. चांगलं माणूस दोन मिनिटं टेकतं, साखर खातं आणि पुन्हा निघतं. काकाही पुन्हा निघत. पण तोपर्यंत दोर आणि शिट्टी बघायला अर्धी गल्ली जमलेली असे, आणि नागपूरच्या माणसाला पिठू लावलेला इसम दिसावा आणि त्यानं 'कुठं चालले गा' विचारू नये, हे होणे नाही. चार वेळा निघून चार वेळा परत आले की ऊन कललेलं असायचं. मग काकूंनी दिलेला डबा ओट्यावरच उघडायचा. हायकिंग संपलं.

गल्लीला हा नियम पुढे कळला, तेव्हा प्रकरण आणखी बिघडलं. कंपाउंडर हात जोडून म्हणायचे, "कुठं चालले म्हणून मी विचारून नाही राहिलो हं, भाऊ. आरामात जा." यात 'कुठं' आलाच. काका परत.

काकूंनी एकदा वैतागून विचारलं, "एसटीनं काहून नाही जात तुम्ही?"

"बसमध्ये चढल्या चढल्या कंडक्टर काय विचारते, सांग बरं."

काकूंनी डबा बांधून पुढे केला. एका शनिवारी ओळखीची माणसं टाळावीत म्हणून त्यांनी स्कूटर उलट्या दिशेला काढली, कळमन्याच्या धान्यबाजाराकडून वळसा घालून उमरेड रोडला लागायचं ठरवलं. मला वाटलं, जमलं. तासाभरात परत. धान्याच्या गाड्यांत स्कूटर अडकली होती आणि पोती वाहणाऱ्या एका हमालानं वाट करून देता देता विचारलं होतं, "कुठं जायाचं हाय, मामा?" हमालाचा काय दोष. मी त्या दिवशी त्यांच्या डब्यातल्या दोन पोळ्या आणि झुणका खाल्ला.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला टेकडीची गोष्ट सांगितली. मलाच का, याचं कारणही सांगितलं. "तुम्ही मले आजवर एकदाही नाही विचारलं, कुठं चालले म्हणून." मी घाटावरचा. आमच्याकडे शेजारी विचारत नाहीत, खिडकीतून बघून घेतात. पण हे मी बोललो नाही.

गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. काका तेव्हा नुकतेच बढतीनं ड्राफ्ट्समन झालेले. उमरेडच्या पलीकडच्या मुलखाचा नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर उतरवायचं काम त्यांच्याकडे होतं. दोन महिने खपले. शेवटच्या दिवशी सकाळी घरून निघताना कोणीतरी विचारलं, "कुठं चालले?" अंगात रग, घाईची वेळ. ते परत फिरले नाहीत. दुपारी चार वाजता रेघा मारायच्या पेनातून काळ्या शाईचा एक ठसठशीत थेंब नकाशावर पडला. पाच वाजता साहेबांची सही व्हायची होती. थेंब पडला ती जागा कोरी होती. तिथे गाव नाही, नाला नाही, काही नाही. ब्लेडनं खरवडला तर कापडाला भोक. काकांनी पाच मिनिटं त्या थेंबाकडे बघितलं. मग त्याच्याभोवती एक वाकडं कडं काढलं. त्याच्याभोवती दुसरं. अशी पाच कडी काढली. नकाशात अशी कडी म्हणजे टेकडी. टेकडी झाली म्हटल्यावर उंची लिहायला हवी, म्हणून त्यांनी आपल्या सायकलवरच्या कराच्या बिल्ल्याचा नंबर टाकला.

साहेबांनी सही केली. नकाशा मंजूर झाला.

मी हसत सुटलो. इतका हसलो की ठसका लागला. काका हसले नाहीत. "मास्तर, त्या नकाशाचे निळे प्रिंट निघाले. ते कोणाकोणाकडं गेले, मले माहीत नाही. त्यावर कोणी रस्ता आखला असन, कोणी कालवा. माझ्या त्या थेंबापायी कोणाच्या वावरात पाणी पोचलं नसन तर? बावीस वर्षं झाली, जेवताना घास अडकते." माझं हसू जागच्या जागी राहिलं. फार लाज वाटली मला.

म्हणून त्यांना तिथे जायचं होतं, आणि एकट्यानंच. त्या जागी नशिबानं खरंच टेकडी असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर निवृत्त व्हायच्या आत साहेबांना लेखी सांगून मोकळं व्हायचं. होईल ती शिक्षा घ्यायची. अर्जही लिहून तयार होता, सहीसकट. शर्टाच्या खिशातून काढून त्यांनी मला दाखवला. सगळं सुवाच्य अक्षरात, फक्त मध्ये एक जागा कोरी सोडली होती. 'प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर ठिकाणी टेकडी' आणि पुढे रिकामं. आहे की नाही, ते जाऊन भरायचं.

"पण हा दोर, शिट्टी कशाला?"

"टेकडी असली तर चढावं लागन न?"

तीन वर्षं हा अर्ज त्यांच्या खिशात होता. दर शनिवारी ते तो घेऊन निघत आणि दर शनिवारी गल्ली त्यांना परत पाठवी. निवृत्तीला एक शनिवार उरला तेव्हा मात्र मला राहवेना. मी सकाळीच कंपाउंडरांकडे गेलो. टेकडीचं काही सांगितलं नाही, फक्त म्हणालो, "आज काकांना जाऊ द्यायचं. कोणी एक शब्द बोलायचा नाही." कंपाउंडर गंभीर झाले. "माणसाचं तोंड हाय मास्तर, ते खुलतेच. त्याले बांधूनच ठेवा लागन." त्यांनी पानठेल्यावरून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून आणला, चांगल्या आठ पुड्या, आणि गल्लीतल्या यच्चयावत पुरुषांच्या तोंडात दुपारी अडीचलाच भरून दिला. बायकांची जबाबदारी काकूंनी घेतली. "आमचे हे निघाले की मुकाट्यानं पाहा वं बायांनो," एवढंच त्यांनी सांगितलं.

तीन वाजता काका बाहेर आले. दोन्ही बाजूंना माणसं उभी, गाल फुगलेले, एक अक्षर नाही. एक परका सायकलवाला तिथून चालला होता. त्यानं ती शांतता बघितली, खाली उतरला, टोपी काढली आणि हात जोडून उभा राहिला. कोण गेलं हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. स्कूटर दुसऱ्या किकला सुरू झाली. काका कोपऱ्यावर वळले आणि सगळ्या गल्लीनं एकदम गटारात पिचकारी सोडली. कंपाउंडरांच्या डोळ्यांत पाणी होतं. खर्रा कडक होता असं ते पुढे सांगत.

रविवारी संध्याकाळी काका परत आले. उन्हानं लाल झालेले. स्कूटर लावली, पाय धुतले आणि सरळ माझ्या खोलीत येऊन बसले.

"टेकडी नाही, मास्तर. माझ्या हातावर आहे तेवढाही उंचवटा नाही. सपाट वावर. पण रस्ता आहे."

रस्ता डांबरी. उमरेड मागे टाकल्यावर तो हरभऱ्याच्या शेतांतून नाकासमोर जातो, आणि मग एका ठिकाणी काहीही कारण नसताना डावीकडे वळतो. मोकळ्या सपाट रानाला हा एवढा मोठा अर्धा वळसा घालतो आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा सरळ होतो. मंजूर नकाशात टेकडी होती, म्हणून बांधणाऱ्यांनी रस्ता टेकडीला वळसा घालून नेला होता. समोर टेकडी नाही हे त्यांना दिसलं नसेल असं नाही. पण मंजूर झालं ते खरं.

वळणावर काकांनी स्कूटर थांबवली. तिथे बसचा थांबा होता. पाटीवर लिहिलं होतं, टेकडी. थांब्याला लागून एका बाईची चहाची टपरी, एक सायकल दुरुस्तीवाला आणि शेंदूर फासलेला एक दगड. वळणावर बस आपोआप सावकाश व्हायची, म्हणून माणसं तिथे उभी राहू लागली. माणसं उभी राहू लागली म्हणून थांबा झाला. थांबा झाला म्हणून आजूबाजूच्या तीन गावांना नागपूरची बस मिळाली. आधी त्यांना बससाठी दोन कोस चालावं लागायचं.

काकांनी टपरीवाल्या बाईला विचारलं, "बाई, टेकडी कोणती?"

तिनं कपबशी पुसता पुसता हनुवटीनं समोरचं सपाट रान दाखवलं. "हे का. चढून या न, भाऊ. वर हवा मस्त हाय."

आणि हा माणूस चढला. हे सांगताना त्यांनी मला शपथ घातली की हसायचं नाही. पिठू, काठी, दोर, सगळं घेऊन ते हरभऱ्याच्या बांधावरून रानाच्या मध्यापर्यंत गेले. मध्यावर बसले. डबा खाल्ला. कोणी हाक मारली नाही, कोणी काही विचारलं नाही. दोन-अडीच तास ते तिथे एकटे होते. जन्मात कधी इतका वेळ एकटा बसलो नव्हतो, असं म्हणाले. मग उतरले. "उतरलो" हाच शब्द त्यांनी वापरला.

रात्री ते तिथल्याच गावात समाजमंदिराच्या ओसरीवर झोपले आणि सकाळी टपरीपाशी येऊन त्यांनी सगळ्यांसमोर कबुली दिली. खिशातून अर्ज काढला, शाईचा थेंब, पाच कडी, सायकलचा बिल्ला, सगळं सांगितलं. म्हणाले, "ही टेकडी नव्हती. चूक माझी आहे. तुम्ही मले फक्त एक पंचनामा करून द्या, इथं टेकडी नाही म्हणून. मी तो अर्जाले लावतो."

मग टपरीवाली बाई म्हणाली, "आन मंग रस्ता सरळ करतीन का सरकार?"

"करतील. करायलेच पायजे."

"मंग बस?"

तेवढ्यात कडेला बसलेला एक म्हातारा उठला. "कोण म्हणते टेकडी नोहोती? माह्या बापानं बकऱ्या चारल्या तिच्यावर. मी सोता घसरलो वरून. हा पाहा गुडघा." त्यानं धोतर वर करून जुनी खूण दाखवली. लगेच दुसऱ्याला आठवलं की टेकडीवर बोराचं झाड होतं. सायकल दुरुस्तीवाल्याला आठवलं की एका पावसाळ्यात ती खचत गेली. काका गयावया करत होते, "अहो, मी काढली न ती! माह्या हातानं!" म्हाताऱ्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी कागदावर काढली गा. वावरातली आमाले माहीत हाय."

पंचनामा झाला. काकांनी तो माझ्यापुढे ठेवला. अर्जाच्याच पाठीमागे, त्या दुरुस्तीवाल्याच्या अक्षरात. 'सदर ठिकाणी पूर्वापार टेकडी होती व आहे.' खाली अकरा अंगठे आणि सरपंचाचा शिक्का. अंगठेही टपरीवरच्या वहीच्या शाईनं उठवलेले, काळेकुट्ट.

मी या वेळी हसलो नाही. "आता काय करणार?" मी विचारलं.

"अर्ज देणार. चूक माझी आहे."

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तो दिला. साहेब नवा होता, वयानं त्यांच्या मुलासारखा. त्यानं अर्जाची पुढची बाजू वाचली, मग मागची वाचली. म्हणाला, "काका, तुम्ही एकटे म्हणता, टेकडी नाही. अकरा लोक म्हणतात, आहे. मंजूर नकाशा म्हणतो, आहे." त्यानं समासात शेरा मारला, 'टेकडी कायम,' आणि कागद फाईलला लावून दिला. काका म्हणाले, "साहेब, निदान ताकीद तरी द्या." साहेबानं त्यांच्या गळ्यात हार घातला. शाल, नारळ आणि टाळ्या झाल्या.

हार गळ्यात तसाच ठेवून ते माझ्या खोलीत आले. "बावीस वर्षं मी मनातून चोर होतो, मास्तर. आज कबूल केलं, तर चोरही राहू दिलं नाही मले कोणी." एवढं बोलून ते रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि खरं सांगतो, माझंही मन भरून आलं. इतकी मोठी चूक इतक्या लोकांच्या कामी आलेली मी पुढेही कधी पाहिली नाही, पण त्या क्षणी त्यांना हे सांगून काही उपयोग नव्हता.

त्यानंतर ते दर शनिवारी जायला लागले; कुठं ते आता गल्लीला माहीतच होतं, त्यामुळे कोणी विचारत नसे. पिठू, काठी तीच, दोर मात्र घरी राहिला. रविवारी संध्याकाळी परत यायचे, चेहरा निवांत. तिथे काय करता, असं मी एकदाच विचारलं. म्हणाले, "बसतो."

पुढच्या हिवाळ्यात परीक्षेच्या कामासाठी मी एसटीनं त्या बाजूला निघालो होतो. उमरेडनंतर हरभऱ्याची शेतं लागली. गाडी सावकाश झाली, कंडक्टरनं घंटी मारून "टेकडीवाले!" म्हणून हाक दिली, आणि आम्ही सगळे वळणाबरोबर उजवीकडे कललो. माझ्या शेजारी डोक्यावरून पदर घेतलेल्या दोघी बसल्या होत्या. त्यांतली एक खिडकीतून बोट दाखवून दुसरीला म्हणाली, "पाह्य वं, वर कोन बसून हाय."

सपाट रानाच्या मधोमध, रस्त्याकडे पाठ करून, मांडीवर डबा घेऊन काका बसले होते. आसपास कोणी नव्हतं. मी भूगोलाचा मास्तर. माझ्या समोर पाच फुटांचाही उंचवटा नव्हता.

डोंगराचा माथा बघायला वाकतात तसा मी खिडकीत खाली वाकलो आणि वर पाहिलं.